लक्ष्मीपूजनातलं एशियाड

पुण्यात मी नाणी जमवते असं सांगितलं की समोरचा माणूस सावरून बसतो आणि विचारतो, "शिवराई का?" नाही म्हटलं की, "मग पेशव्यांची असतील." तेही नाही म्हटलं की त्याचा आवाज एकदम खाली येतो आणि घरात कोणी आजारी असावं तशी तो चौकशी करतो, "मग नक्की कसली?" खेळांची, असं मी सांगते. ऑलिंपिकची, एशियाडची, विश्वचषकाची. यावर तो "अस्सं" म्हणतो आणि पाण्याच्या टंचाईकडे वळतो. आता मला याची सवय झाली आहे, पण तिशीत असताना या "अस्सं"चा मला फार राग यायचा.

खेळांचा आणि माझा तसा काही संबंध नव्हता. जिना चढले तरी मला दम लागतो आणि बसच्या मागे धावण्यापेक्षा मी पुढच्या बसची वाट बघते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचं काम करत होते. तिथल्या एका मैत्रिणीचा भाऊ जर्मनीत होता. त्याने पाठवलेलं एक ऑलिंपिकचं चांदीचं नाणं तिने मला दाखवलं आणि मी तिथेच घसरले. इतक्या कष्टाने, इतक्या बारकाईने केलेलं नाणं, आणि ते कशासाठी, तर कुणीतरी कुठेतरी धावलं म्हणून! मला ते भारी वाटलं. मग या ना त्या मार्गाने, अदलाबदलीत, व्यापाऱ्यांकडून, परदेशी गेलेल्यांच्या हातापाया पडून मी अशी नाणी गोळा करायला लागले. होडी वल्हवणारा, उंच उडी मारणारा, घोड्यावरून कुंपण ओलांडणारा. आमच्या घरात उडी मारणारी एवढीच माणसं, असं आमचे हे म्हणत. हे पाटबंधारे खात्यात होते आणि फारसं बोलत नसत, पण बोलले की असंच.

ही नाणी बाजारात चालवायला पाडलेलीच नसतात. खेळांचा मोठा मेळा भरला की टांकसाळ ती खास जमवणाऱ्यांसाठी काढते. त्यांची आधी मागणी नोंदवायची, पैसे भरायचे, वाट बघायची, आणि मग ती डबीत बसून येतात आणि जन्मभर डबीतच राहतात. याच गोष्टीवर आमच्या क्लबाचा आक्षेप होता. नाणी जमवणाऱ्यांचा हा क्लब नारायण पेठेत एका दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा भरायचा. त्यात मी एकटी बाई होते. माझी खुर्ची दाराजवळ असे, "म्हणजे आपल्याला स्वयंपाकाला लवकर निघता येईल." चिटणीस हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे शिवराई नाण्यांचा असा संग्रह होता की बघायला मुंबईहून लोक येत. मी पहिल्यांदा माझी नाणी मांडली तेव्हा ते भिंग न काढताच म्हणाले, "ज्याने आयुष्यात कोथिंबिरीची एक जुडी आणली नाही, ते नाणं कसलं?"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत मनातल्या मनात मी त्यांना पन्नास उत्तरं दिली. तेव्हाच ठरवलं, की क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात एक दिवस माझं टेबल लागेल आणि त्या टेबलाला बक्षीस मिळेल.

दिल्लीत एशियाड भरलं तेव्हा ती संधी आली. अख्खी सोसायटी खालच्या मजल्यावरच्या नव्या रंगीत टीव्हीसमोर बसून हॉकीला शिव्या घालत होती. मी मात्र पेपरात आलेली दुसरीच बातमी कापून ठेवली होती. आपल्या टांकसाळीने एशियाडची नाणी काढली होती, आणि त्यांचा जमवणाऱ्यांसाठी एक खास संच होता. आपल्या देशाने आपल्या मैदानावर भरवलेल्या खेळांचं आपलं नाणं! परदेशी उड्या पुरे झाल्या, आता घरचं काहीतरी मध्यभागी मांडता येईल, या आनंदात मी मागणी नोंदवली.

संच काही येईना. एशियाड संपलं, खेळाडू घरी गेले, लोक विसरलेसुद्धा. आमचे हे जेवताना विचारत, "टांकसाळ आहे की कुंभारवाडा? माती भिजत घातली असेल अजून." शेवटी पुढच्या दिवाळीच्या जरासं आधी पोस्टमन रजिस्टर पार्सल घेऊन आला.

मी हात साबणाने धुतले, कोरडे केले, टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला आणि पार्सल उघडलं. लहानमोठी नाणी जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली होती. त्यातलं सगळ्यात मोठं शंभर रुपयांचं, चांदीचं, तळहात भरेल एवढं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एशियाडचं जंतरमंतराचं चिन्ह. याला प्रूफ नाणं म्हणतात. ठसा घासूनपुसून चकचकीत करून ते फार जपून पाडतात. त्याची जमीन, म्हणजे चित्रामागचा सपाट भाग, आरशासारखी असते, अगदी काळी वाटावी इतकी नितळ. आणि चित्र मात्र चकाकत नाही. ते मुद्दाम दुधाळ ठेवलेलं असतं, पहाटेच्या गवतावर दव दिसतं तसं. या दोन्हींतला फरक हेच त्या नाण्याचं सगळं वैभव. नुसतं बोट लागलं तरी डाग पडतो, मग फडकं तर दूरच.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"चांदी आहे?"

"हो, आई."

"यात तर माझं कुंकू दिसतंय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आधी देवापुढे ठेव. नवीन आलंय."

आमच्याकडे नवीन काही आलं, मग ते नाणं असो की प्रेशर कुकर, आधी देवापुढे ठेवायची पद्धत. मी डबी देवापुढे ठेवली. सासूबाईंनी डबीला हळदकुंकू लावलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, उदबत्तीचा धूर गेला असेल. दुसऱ्या दिवशी मी डबीवरचं कुंकू पुसून ती कपाटात ठेवली, आणि प्रदर्शनाच्या तयारीला लागले. त्या वर्षी चिटणिसांनी मला टेबल द्यायचं कबूल केलं होतं. "स्पर्धेतही धरतो," असं म्हणाले होते. "बघू या तरी."

इथे सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचा सगळा संसार शनिवार पेठेत गेला. सासऱ्यांच्या मागेही त्यांनी कुंकू आणि नथ सोडली नव्हती. पुढे आम्ही कोथरूडला सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हाचं कोथरूड म्हणजे पेठेतल्या माणसाला परगावच. थोरल्या दिरांची बदली नागपूरला झाली. रीतीप्रमाणे घराण्यातले जुने देव थोरल्यांकडे गेले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या. देवांबरोबर चांदीचे जुने रुपयेही गेले. ते त्यांना त्यांच्या सासूने दिलेले होते, आणि लग्न झाल्यापासून एकही लक्ष्मीपूजन त्यांनी त्या रुपयांशिवाय केलं नव्हतं. आमच्याकडे त्यांच्या जागी पाटावर बाजारातला साधा रुपया ठेवत. त्याबद्दल त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. फक्त आमच्याकडचं लक्ष्मीपूजन लवकर आटपायचं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला माझी दुपारपाळी होती. सणाच्या दिवशी ट्रंक कॉलला उसंत नसते, सगळा महाराष्ट्र एकमेकांना फराळ झाला का विचारत असतो. सुटून घरी आले तेव्हा पूजा झालेली होती. दारात पणत्या, आत उदाचा वास, पाटावर तांदळाची रास, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, झेंडू. आणि राशीच्या मधोमध, हळदीकुंकवात माखलेलं, दिव्याच्या उजेडात लखलखणारं माझं एशियाड.

मी चप्पल काढायची विसरले.

"ये, ये, नमस्कार कर," सासूबाई म्हणाल्या. नवं इरकली लुगडं, नाकात नथ, चेहरा असा फुललेला की मी त्यांना कोथरूडला आल्यापासून तसं पाहिलंच नव्हतं. "बघ कसं झालंय! अगं, सरकारी काम ते सरकारी काम. आजूबाजूची चांदी लख्ख, आणि चित्रावर मात्र सगळी पांढरी बुरशी आली होती. सिंहांवर तर इतकी, की बिचाऱ्यांची तोंडं दिसेनात. डबी उघडेना, शेवटी अडकित्त्याचं टोक घातलं. मग चिंच लावली, वर रांगोळी घेतली आणि घास घास घासलं. दुपारभर बसले होते. आता एक ठिपका शोधून दाखव."

ठिपका खरंच नव्हता. दवही नव्हतं, आरसाही नव्हता. नाणं वाटीसारखं चकचकीत झालं होतं आणि त्यावर बारीक बारीक ओरखड्यांचं जाळं पसरलं होतं. जमवणाऱ्याच्या दृष्टीने ते नाणं त्या दुपारी वारलं होतं.

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते मला चांगलं आठवतं, आणि ते छापण्यासारखं नाही. पण त्याच क्षणी सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"तू बोलली नाहीस तरी मला कळलं हो," त्या म्हणाल्या. "माझे रुपये नागपूरला गेले, ते तू लक्षात ठेवलंस. पोटच्या मुलाच्या लक्षात आलं नाही. वर सिंह बघूनच म्हटलं, ही देवीचंच नाणं शोधून आणते माझ्यासाठी!"

पोटचा मुलगा त्यांच्या मागे उभा होता. त्याने दोन्ही हात जोडून माझ्याकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा त्याने इतक्या कळवळून माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"छान झालंय, आई," मी म्हणाले आणि नमस्कार केला. डोकं टेकवलं तेव्हा थोडं रडून घेतलं. त्यांना वाटलं, मला भरून आलं. तसं तेही खोटं नव्हतं.

झोपताना हे म्हणाले, "आपण दुसरं मागवू."

"आणि प्रदर्शन? ते पंधरवड्यावर आलंय."

"नको लावू यंदा टेबल."

"त्यांनी शेजारणींना सांगितलंय. शनिवार पेठेत फोन गेलेत. सगळ्या जणी बघायला येणार आहेत, 'आमच्या लक्ष्मीचं नाणं' म्हणून!"

यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. बरं, तेच घासलेलं नाणं टेबलावर ठेवावं, तर क्लबातले लोक काय बोलतील ते मी ऐकूच शकत होते. आमचे सभासद नाण्याला जितकं हळुवार धरतात, तितकं माणसाला धरत नाहीत. 'कुणा गाढवाने घासलं हे?' असं पहिलाच माणूस विचारणार आणि शेजारी सासूबाई मैत्रिणींसह उभ्या असणार. म्हणजे एका वाक्यात त्यांना दोन गोष्टी कळणार. नाणं आपण बिघडवलं, आणि ते आपल्यासाठी आणलेलंच नव्हतं. पहिली त्यांनी सोसली असती. दुसरीची मला भीती वाटत होती.

मी चिटणिसांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कशाने घासलं?"

"रांगोळीने."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. "एकट्या रांगोळीने?"

"आधी चिंच."

"देवा रे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या नाण्याबद्दल निघालेला तो पहिला आदराचा शब्द.

मी त्यांना विनवलं, की सासूबाईंसमोर कुणी काही बोलणार नाही, एवढं बघा. ते म्हणाले, "खोटं बोलायची सोय आपल्या क्लबात नाही. पण तुम्ही चांगलं नाणं मांडा, म्हणजे कुणाला बोलायला जागाच राहणार नाही. आजींना एका नाण्यातला आणि दुसऱ्यातला फरक काय कळणार आहे?"

चांगलं नाणं आणायचं कुठून? तेव्हा मला आठवले कॅम्पातले आमचे एक व्यापारी. त्यांच्या चार पिढ्या पुण्यात नाण्यांच्या धंद्यात गेल्या होत्या, आणि ईदनंतरच्या सभेला ते न चुकता शीरखुर्म्याचा डबा आणत, म्हणून त्या सभेला हजेरी चांगली असे. त्यांच्याकडे एशियाडचा संच होता. मी गोष्ट सांगताना ते हसत होते, पण रुपये नागपूरला गेल्याचं ऐकलं आणि हसायचे थांबले.

"घेऊन जा," ते म्हणाले. "माझी अम्मी असती तर तिनेही घासलं असतं. आमच्याकडे राखेने घासलं असतं, एवढाच फरक."

राहिला नियम. स्पर्धेत फक्त स्वतःचा संग्रह मांडता येतो. चिटणिसांनी विचारलं, "नाव काढू ना स्पर्धेतून?" मी "काढा" म्हटलं. हे सोपं गेलं असं म्हणणार नाही. मी वर्षभर त्या टेबलाची स्वप्नं बघितली होती. कोणतं नाणं कुठे, खाली मखमल कुठल्या रंगाची, सगळं ठरलं होतं. घरी येऊन मी यांच्यावर उगाचच ओरडले, आणि यांनी ते ऐकून घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी निळ्या मखमलीवर माझे सगळे धावणारे-उडणारे लोक मांडले आणि मधोमध व्यापाऱ्यांचं एशियाड. वर काच ठेवली. कोपऱ्यात चिटणिसांच्या सुवाच्य अक्षरात पुठ्ठा होता, 'स्पर्धेबाहेर'. आमचं एशियाड घरी देवापाशीच होतं. सकाळी शनिवार पेठेत शेजारणींकडे निघताना सासूबाई देवघराकडे जायला लागल्या, तेव्हा यांनी त्यांना, "नाणं केव्हाच गेलं, तू रिक्षात बस," म्हणून घाईघाईने खाली नेलं होतं. कट अगदी चोख होता.

सासूबाई दोन जुन्या शेजारणींना घेऊन दुपारी आल्या. चिटणिसांनी दारात स्वागत केलं. व्यापारी स्वतः त्यांना माझ्या टेबलापर्यंत घेऊन आले. सासूबाईंनी बाकीच्या खेळाडूंकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मध्यावर गेल्या, चष्मा लावला, वाकल्या.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या.

"काय झालं, आई?"

"याला पुन्हा बुरशी आली!"

मी काही बोलायच्या आत त्यांनी काच एका हाताने उचलली आणि दुसऱ्या हाताने कमरेचा रुमाल काढला. "हवाच दमट इथली. चिंच असती तर... थांब, निदान वरवर पुसते."

ज्या माणसाला मी कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, ते आमचे व्यापारी तीन खुर्च्या ओलांडून आले. पण त्यांच्याही आधी पोचला तो चिटणिसांचा आवाज. तीस-चाळीस वर्षं वर्गावर चालवलेला आवाज होता तो. "हात मागे!"

अख्खा हॉल थांबला. दोन सभासदांनी खरोखरच हात मागे घेतले.

सासूबाईंनी रुमाल तसाच धरून ठेवला. "मास्तर, ओरडता काय? घरचं नाणं आहे माझं."

चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुढे झाले, सासूबाईंच्या हातातली काच अलगद घेतली आणि जागेवर ठेवली.

"आजी," ते म्हणाले, आणि इतक्या मऊ आवाजात ते बोलू शकतात हे क्लबात कुणालाच ठाऊक नव्हतं, "ती बुरशी नाही. ते नाणं असंच करतात."

"असंच? मुद्दाम?"

"मुद्दाम. चित्र वेगळं उठून दिसावं म्हणून."

"आणि हे नाणं माझं आहे आजी," व्यापारी म्हणाले. "सूनबाईंनी आजच्यापुरतं नेलंय. आपलं घरी आहे, सुखरूप."

सासूबाईंनी रुमालाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. शेजारणींपैकी एक तोवर पुठ्ठा वाचत होती. "स्पर्धेबाहेर म्हणजे काय गं?" तिने विचारलं. सासूबाईंनी तो पुठ्ठा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी ते घासून बिघडवलं, हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"लक्ष्मीपूजनापासून."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता त्या जिना उतरून निघून जाणार. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या पेठेत वाढलेल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला, शेजारणींकडे वळून म्हणाल्या, "चला, एवढ्या लांब आलोय तर बाकीचं बघून घेऊ," आणि एक टेबल न सोडता सगळं प्रदर्शन पाहिलं. चिटणिसांच्या शिवराई नाण्यांसमोर जरा जास्त वेळ थांबल्या. काळपट तांब्याच्या त्या रांगा शेवटपर्यंत बघितल्या.

"तुमच्या घरात बाईमाणूस नाही वाटतं?" त्यांनी विचारलं.

चिटणिसांनी आपल्या काळपट रांगांकडे पाहिलं. मग जे हसायला लागले ते त्यांना थांबवताच येईना. सगळा हॉल हसला. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांची मान वर झालेली मी पाहिली आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. बक्षीस कुणाला मिळालं ते मला आज आठवतही नाही.

शेजारणी तिथूनच पायी घरी गेल्या. हे टेबल आवरायला आणि संच परत करायला थांबले. मी आणि सासूबाई कोथरूडच्या बसमध्ये बसलो. खिडकी त्यांना दिली आणि माझी नाणी भरलेली मखमलीची पिशवी मांडीवर घेतली. डेक्कन मागे पडलं. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. कर्वे रस्त्याला बस रिकामी झाली, तेव्हा त्या बाहेरच बघत म्हणाल्या, "एक विचारते. खरं सांगायचं."

"विचारा."

"ते तू माझ्यासाठी आणलंच नव्हतंस ना?"

'तुमच्यासाठीच आणलं होतं' हे अगदी तोंडाशी होतं. इतके दिवस तेच तर करत आले होते. पण त्यांनी भर हॉलमध्ये खरं ऐकून घेतलं होतं, तेही उभ्याने. आता बसमध्ये बसवून त्यांना खोटं सांगायला माझी जीभ रेटेना.

"नाही, आई. माझ्या संग्रहासाठी आणलं होतं. तुमचे रुपये माझ्या लक्षातच नव्हते."

त्यांनी मान हलवली. पुढचा थांबा आला, एक बाई भाजीची पिशवी सावरत चढली, बस सुटली.

"पण आता ते तुमचंच आहे," मी म्हणाले. "हे काही तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. तुम्ही त्या दिवशी नथ घालून जशा उभ्या होतात ना, तसं तुम्हाला मी आपल्या घरात कधीच पाहिलं नव्हतं. मला ते नाणं कपाटात परत नकोय. पाटावरच हवंय."

त्यांनी हात पुढे केला. मग माझ्या मांडीवरची मखमलीची पिशवी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"मग पुढच्या दिवाळीला घासताना तुला विचारणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका विचारू," मी म्हटलं.